वणवे आणि एआय: धूर लवकर दिसला, पुढे काय?

रानजाई
११ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

मी सॅन डिएगोच्या पूर्वेला, डोंगरउताराला लागून असलेल्या वस्तीत राहते. ऑक्टोबर २००३ चा सीडर फायर हा वणवा इथले जुने लोक अजून तारीखवार सांगतात. १५ माणसं गेली, दोन हजारांवर घरं जळाली. रात्रीची वेळ होती आणि पुष्कळांना इशारा असा मिळालाच नाही, शेजाऱ्याने दार बडवलं म्हणून ते वाचले. त्यातून शहाणं होऊन इथल्या प्रशासनाने घरोघरी आपोआप फोन लावणारी यंत्रणा बसवली. २००७ ला पुन्हा मोठे वणवे लागले तेव्हा त्या फोनांमुळे लाखो लोक वेळेवर बाहेर पडले.

आता डोंगरमाथ्यांवर अलर्ट कॅलिफोर्नियाचे कॅमेरे आहेत. ही यंत्रणा इथलं विद्यापीठ चालवतं. राज्यभर हजारावर कॅमेरे आहेत. २०२३ च्या उन्हाळ्यात कॅल फायरने, म्हणजे राज्याच्या अग्निशमन खात्याने, त्यावर एआय लावलं. धुरासारखं काही दिसलं की प्रोग्राम त्याभोवती चौकट आखतो, किती टक्के खात्री आहे ते दाखवतो, आणि नियंत्रण कक्षातला माणूस बघून ठरवतो. पहिल्या दोन महिन्यांत ७७ आगी ९११ या आपत्कालीन क्रमांकावर पहिला फोन येण्याआधी कळल्या. इथल्याच क्लीव्हलँड राष्ट्रीय वनात पहाटे तीनला लागलेली एक आग पाव एकराच्या आत विझली. त्या वेळी ती बघणारं माणूस कुठून असणार!

या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आमच्या गल्लीतली मंडळी मिळून वणव्याच्या दिवसाची योजना करायला बसलो आहोत आणि गाडी एकाच जागी अडते. कॅमेऱ्याला धूर दिसला, नियंत्रण कक्षाला कळलं, बंब निघाला. गल्लीच्या टोकाला एकटे राहणारे, ऐकू कमी येणारे आजोबा आहेत. त्यांना कोण सांगणार, किती वेळात, आणि गाडीत कोण बसवणार?

माझं मत असं झालंय की आग शोधण्याचं काम बऱ्यापैकी मार्गी लागलंय. आता डोकं आणि पैसा ती बातमी माणसापर्यंत पोहोचवण्यावर लागायला हवा. तुमच्याकडे, सह्याद्रीत, विदर्भात, कोकणात, ऑस्ट्रेलियात काय अनुभव आहे? एआयचा लोकांना खरोखर उपयोग झालेला कुणी पाहिलाय का?

---

सह्यवेडा
१२ फेब्रुवारी, सकाळी ७:१२

रानजाई, चांगला धागा, आणि अगदी हंगामाच्या तोंडावर.

मी साताऱ्याकडचा. दर फेब्रुवारीपासून आमचा गट डोंगरावर वणवे विझवायला जातो. तुमचं "शोधण्याचं काम मार्गी लागलंय" हे तुमच्याकडे खरं असेल, इथे नाही. आमच्याकडे वणवा कळतो तो पायथ्याच्या गावातून कुणीतरी ग्रुपवर फोटो टाकला की. फोटोत अंधार, मधे एक लाल रेघ. आता ही रेघ कुठल्या डोंगराची? यात अर्धा तास जातो. तोवर वाळलेल्या गवताची अख्खी धार पेटलेली असते.

उपग्रहाबद्दल लोक बोलतात म्हणून सांगतो. ज्याच्या सूचना आपल्याकडे वापरतात तो उपग्रहावरचा व्हीआयआयआरएस हा उष्णता टिपणारा सेन्सर दुपारी दीडच्या सुमाराला आणि रात्री दीडच्या सुमाराला डोक्यावरून जातो. आमच्याकडचे वणवे लागतात संध्याकाळी, गुरं परतायच्या वेळी. गवताचा वणवा भराभर पळतो आणि नऊ-दहापर्यंत डोंगर काळा करून विझलेलाही असतो. उपग्रह येतो तेव्हा त्याला काही दिसत नाही. त्यामुळे नकाशावर ठिपका नाही म्हणजे वणवा नव्हता, हे सह्याद्रीत धरून चालू नका. तेवढ्यात घरटी, सरडे, पाली, नुकती लावलेली रोपं सगळं गेलेलं असतं.

---

गप्पिष्ट
१२ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

वाचतोय. एक शंका: आमच्याकडे कॅमेरा बसवला तर थंडीत प्रत्येक हुरडा पार्टीला बंब येईल का? तसं असेल तर बंबवाल्यांसाठीही कणसं भाजून ठेवतो. :)

---

पिक्सेल
१२ फेब्रुवारी, सकाळी ११:०५

गप्पिष्ट, तुमची हुरडा पार्टी हाच या क्षेत्रातला सर्वात अवघड प्रश्न आहे!

मी चित्र ओळखणाऱ्या प्रणालींवर काम करतो (वणव्यांच्या नाही, पण गणित तेच). "धूर आहे का" हे ओळखायला प्रोग्राम लवकर शिकतो. "हा धूर काळजीचा आहे का" हे त्याला चित्रातून कळत नाही. कॅलिफोर्नियातही धुकं, खाली आलेले ढग, शेतातली धूळ यांनी सुरुवातीला बराच घोळ घातला, म्हणून शेवटचा निर्णय तिथे माणसाकडेच ठेवलाय. आपल्याकडे तर उसाचं पाचट, वीटभट्ट्या, कोकणातला राब (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं), आणि होळी! पौर्णिमेच्या रात्री प्रत्येक वाडीत आग. तिकडच्या चित्रांवर शिकलेला प्रोग्राम जसाच्या तसा इथे आणला तर होळीच्या रात्री नियंत्रण कक्षात बसलेला माणूस पहिल्या तासात सूचना बघणंच सोडून देईल. आणि नेमका त्याच रात्री खरा वणवाही लागतो.

त्यामुळे इथली चित्रं, इथल्या लोकांनी "हा राब, हा वणवा" असं सांगून तयार केलेली, हवीतच. हे काम गावातला माणूस माझ्यापेक्षा चांगलं करेल. धुराचा रंग, जागा आणि महिना बघून तो क्षणात सांगतो.

सह्यवेडा, तुमच्या अंधारातल्या फोटोवर मात्र उपाय आहे. डोंगराची आकाशरेषा आणि पायथ्याच्या गावातल्या दिव्यांची रांग ओळखीची असते. उंचीचे नकाशे फुकट मिळतात. त्यावरून फोटो कुठून काढला आणि रेघ कुठल्या धारेवर आहे याचा अंदाज बांधता येतो. मोठ्या टॉवरची गरज नाही. तुमच्याकडचे जुने फोटो जागेसकट मिळाले तर मी करून बघायला तयार आहे.

---

मोहफूल
१२ फेब्रुवारी, रात्री ९:५०

मी वनखात्यात आहे, विदर्भात. पद आणि रेंज लिहीत नाही.

थोडी माहिती. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या आधारे वणव्याच्या सूचना देते. आता त्या थेट बीटपर्यंत (एका वनरक्षकाकडच्या जंगलाच्या भागापर्यंत) एसएमएसने येतात. कुठलाही नागरिक त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून आपल्या भागाच्या सूचना घेऊ शकतो, हे फारच थोड्यांना माहीत आहे. घ्या. पेंचमध्ये (आपल्या महाराष्ट्राच्या बाजूला) २०२४ मध्ये टेकडीवर कॅमेरा लावून एआयची यंत्रणा सुरू झाली, मूळ ब्राझीलची. कॅमेऱ्याची नजर १५ किलोमीटर आणि तीन मिनिटांत सूचना, असं सांगितलं गेलं. सलग जंगल आणि मधे उंच टेकडी, अशा ठिकाणी ही गोष्ट खरंच कामाची आहे.

आता बीटवरची परिस्थिती. मोबाइल वाजला, कक्ष क्रमांक (जंगलाचा कुठला तुकडा) कळला. तिथे पोहोचायला आधी मोटारसायकल, मग पायी. हाताशी हंगामी अंगारी (वणवा विझवणारे) मजूर, एखादा ब्लोअर (जोरात हवा मारणारं यंत्र), नाहीतर ओल्या फांद्या. ब्लोअरचं पेट्रोल संपलं की फांद्याच. सूचना दहा मिनिटं लवकर आली तर मला आनंदच आहे, पण माझ्याकडे अजून दोन माणसं आणि एक ब्लोअर जास्त असेल तर ती दहा मिनिटं वसूल होतील.

आणि वणवा आपोआप लागत नाही. आमच्याकडे मार्च-एप्रिलला मोह गळतो. झाडाखालचा पालापाचोळा जाळला की पिवळी फुलं जमिनीवर स्वच्छ दिसतात, वेचायला सोपं जातं. पहाटे लावलेली ती आग दुपारच्या वाऱ्याने पसरते. मोह वेचणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवून काही साधत नाही, वर्षाचं मीठमिरचीचं तिचं त्यावरच असतं. आम्ही काही गावांत झाडाखाली जाळी अंथरायला दिली. फुलं जाळीवर पडतात, जाळायची गरजच उरत नाही, वर मोह स्वच्छ मिळतो म्हणून भावही बरा येतो. एआयला काम द्यायचंच असेल तर हे द्या: कुठल्या गावाजवळ, कुठल्या आठवड्यात, कुठल्या झाडांखालून आगी सुरू होतात ते मागच्या वर्षांच्या सूचनांमधून काढून द्या. म्हणजे जाळ्या कुठे आधी वाटायच्या ते आम्हाला ठरवता येईल.

---

विदुला
१२ फेब्रुवारी, रात्री १०:२२

मोहफूल, शेवटचा परिच्छेद वाचून उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सविस्तर लिहीत राहा.

---

निवडुंग
१३ फेब्रुवारी, सकाळी ६:१५

मी लॉस एंजेलिसजवळ पसाडेनात राहते. जानेवारी २०२५ चा ईटन फायर आमच्या घरापासून दिसत होता. त्यामुळे रानजाईच्या प्रश्नावर मला थोडं मोठं लिहायचंय.

ती आग शोधायला एआयची गरज नव्हती. ७ जानेवारीला संध्याकाळी सहानंतर लागली आणि काही मिनिटांत सगळ्यांना दिसली. वारा इतका होता की विमानं-हेलिकॉप्टरं उडवता येईनात. ठिणग्या पुढे, भलत्याच गल्लीत जाऊन पडत होत्या. शेजारच्या अल्टाडेना गावाच्या पूर्वेकडच्या लोकांना घरं सोडण्याचे आदेश लवकर गेले. लेक अॅव्हेन्यू या रस्त्याच्या पश्चिमेला आदेश गेला पहाटे तीन वाजून गेल्यावर. त्याच्या कितीतरी आधी तिथे आग पोहोचल्याचे फोन येत होते. ईटन फायरमधले जवळजवळ सगळे मृत्यू त्या पश्चिम भागातले. त्यात म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेली माणसं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने रात्रभर फोन उशाशी ठेवला होता, तो वाजलाच नाही. वासाने जाग आली म्हणून निघाले.

आणि ९ जानेवारीला काय झालं? घर सोडायच्या तयारीत राहा, असा संदेश चुकून अख्ख्या लॉस एंजेलिस काउंटीला (जिल्ह्याला) गेला. म्हणजे जवळपास एक कोटी लोकांना. ज्यांना हवा होता त्यांना नाही, आणि नको होता त्यांना सगळ्यांना. त्यानंतर लोकांनी फोनवरचे इशारे बंद करून टाकले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आम्ही त्या रात्री कशावर होतो? वॉच ड्यूटी या अॅपवर. २०२१ मध्ये सोनोमा भागात सुरू झालेली ना-नफा संस्था आहे. निवृत्त अग्निशमन जवान, डिस्पॅचर (नियंत्रण कक्षातून बंब पाठवणारे), स्वयंसेवक हे लोक अग्निशमनाचे रेडिओ कानाला लावून ऐकतात, पडताळतात आणि नकाशावर टाकतात. शांत, नेमकी, मोजक्या शब्दांतली माहिती. लोकांचा विश्वास बसला तो माणसांनी तपासून दिलेल्या बातमीवर. आणि त्याच दिवसांत हॉलीवूडची पाटी जळतानाची एआयने बनवलेली चित्रं लाखो लोक पुढे पाठवत होते. पाटीला काहीही झालं नव्हतं.

तरीही मी एआयच्या विरोधात नाही. रात्री अकराला पश्चिमेकडून फोन येत असतील, रेडिओवर तिथल्या रस्त्यांची नावं येत असतील, वारा कुठे वळतोय ते कळत असेल, तर हे सगळं एकत्र करून "या भागाला अजून आदेश गेलेला नाही" असं अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे लाल अक्षरांत आणणं, हे काम यंत्र करू शकतं. धावपळीत दमलेल्या माणसाकडून नेमकं हेच सुटतं. आदेश माणसानेच द्यावा. कुठलाही भाग विसरला जाऊ नये, एवढं यंत्राने बघावं.

---

यारा_काठी
१३ फेब्रुवारी, दुपारी २:३०

मेलबर्नहून. निवडुंग, वाचून पोटात कालवलं.

इकडे ७ फेब्रुवारी २००९ च्या ब्लॅक सॅटर्डेच्या वणव्यांत १७३ माणसं गेली. त्याआधीचा सल्ला होता "थांबून घर वाचवा किंवा लवकर निघा". त्यानंतर भर लवकर निघण्यावर आला. आता धोक्याच्या चार पायऱ्या देशभर एकसारख्या आहेत (२०२२ पासून). सर्वात वरच्या पायरीचा, कॅटास्ट्रॉफिक दिवस असेल तर आग लागायची वाटच बघायची नाही. आदल्या रात्री किंवा सकाळी सामान घेऊन शहरात नातेवाइकांकडे जायचं. आग नाही लागली तर उत्तम, जेवून परत. आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब डोंगरात राहतं, ते अशा दिवशी हक्काने आमच्याकडे येतात, आणि आम्ही पुरणपोळी नाहीतर मिसळ करतो. मुलांना ते दिवस आवडायला लागलेत!

रानजाई, तुमच्या आजोबांसाठी हेच उत्तर आहे असं मला वाटतं. ज्या माणसाला बाहेर पडायला दोन तास लागतात, त्याला आगीच्या बातमीवर अवलंबून ठेवायचंच नाही. हवामानाच्या अंदाजावर हलवायचं. आणि अंदाज वर्तवण्यात एआयने अलीकडे खरोखर मोठी मजल मारली आहे.

दुसरं. २०१९-२० च्या ब्लॅक समरच्या वणव्यांत वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले. मॅलाकूटा गावात ३१ डिसेंबरला हजारो लोक किनाऱ्यावर अडकले होते. तेव्हा बॅटरीवरचा रेडिओ कामाला आला. कितीही हुशार अॅप असो, फोनला रेंज नसेल तर ते मुकं. ट्रान्झिस्टर घ्या.

---

काजूबाग
१३ फेब्रुवारी, सायंकाळी ७:४४

इथे सगळे मोठमोठ्या आगींबद्दल बोलताहेत, मी कोकणातल्या छोट्या वणव्याबद्दल बोलतो. छोटा म्हणजे बातमी न होणारा. माझी काजूची आणि हापूसची कलमं गेल्या वर्षी होरपळली. वरून जाणाऱ्या विजेच्या तारांची ठिणगी गवतात पडली. काजूला मोहोर असताना. बी नुकती धरत होती. झाड काळं पडलं नाही तरी धगीने पानं गेली की त्या वर्षीचं पीक गेलं, आणि पुढची दोन-तीन वर्षं झाड धड होत नाही.

पंचनाम्याला माणूस आला तोपर्यंत पाऊस पडून गवत पुन्हा उगवलं होतं. "कुठे जळलंय?" असं मलाच विचारलं. आग कुठून सुरू झाली याचा पुरावा द्या म्हणाले. मी कुठून देणार? त्या रात्री मी पाणी ओतत होतो, शूटिंग करत नव्हतो.

तर तुमच्या एआयला माझ्यासाठी एवढं करता येईल का: कुठल्या दिवशी, कुठून कुठपर्यंत जळलं, हे कागदावर?

---

पिक्सेल
१३ फेब्रुवारी, रात्री ८:३०

काजूबाग, हे तर आजही होण्यासारखं आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. एका चौकोनाची बाजू १० मीटर, आणि साधारण दर पाच दिवसांनी नवं चित्र. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणात ढग नसतात, त्यामुळे आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवलं की जळालेला पट्टा स्पष्ट दिसतो. इन्फ्रारेडमध्ये तर गवत उगवल्यावरही काही काळ ओळखू येतो. एकराचा हिशेब निघेल. ठिणगी नेमकी कुठे पडली ते त्यातून नाही कळणार, पण जळालेला पट्टा तारांच्या खालून सुरू होतो का, एवढं दिसेल. विपू (खाजगी निरोप) करा, तारीख आणि गाव सांगा. मी काढून देतो.

---

काजूबाग
१३ फेब्रुवारी, रात्री ८:४१

विपू केलाय. पुढच्या वेळी कोकणात आलात की सोलकढी आमच्याकडे.

---

गप्पिष्ट
१३ फेब्रुवारी, रात्री ८:४५

माझी हुरडा पार्टी, यारा_काठींची मिसळ, आता सोलकढी. वणव्याचा धागा पाककृती विभागात हलवायची वेळ आली!

---

सत्तरीकर
१४ फेब्रुवारी, सकाळी १०:००

गोव्यातून. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूला दिवसच्या दिवस आगी लागत होत्या. नौदलाची आणि वायुदलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती, टीव्हीवर तेच दिसायचं. जमिनीवर वनकर्मचारी आणि आमच्या गावांतले लोक उतारावरचा पाचोळा ओढून पट्टे मोकळे करत होते. ते कुणाच्या कॅमेऱ्यात आलं नाही.

रानजाईंच्या मताशी मी थोडा असहमत आहे. घाटात वस्ती विरळ, जंगल दाट. तिथे आग दिसणं हाच प्रश्न आहे. आमच्याकडे आग शोधणं आणि लोकांपर्यंत पोहोचवणं या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, कारण विझवणारेही तेच लोक. वाडीतल्या पोरांना आधी कळलं तर ती आग विझते. पणजीत कळून मग खाली आलं तर नाही.

---

विदुला
१४ फेब्रुवारी, दुपारी १२:१८

सत्तरीकर यांना अनुमोदन, आणि सूचना वरून खाली येण्याबद्दल पुढचं.

पोर्तुगालमध्ये २०१७ च्या जूनमध्ये पेद्रोगाव ग्रांदेच्या वणव्यात ६६ माणसं गेली, पुष्कळशी पळून जाताना रस्त्यावर, गाड्यांमध्येच. दुसऱ्या वर्षी त्यांनी 'सुरक्षित गाव' नावाचा कार्यक्रम सुरू केला. प्रत्येक गावात गावातलाच एक माणूस सुरक्षा अधिकारी. कोण एकटं राहतं, कोणाला चालता येत नाही, निवारा कुठला, कुठला रस्ता वापरायचा, हे त्याला ठाऊक. पळण्यात जास्त धोका असेल तर गावातच कुठे थांबायचं हेही आधी ठरलेलं. हे एआय नाही, पण एआयची सूचना जिथे येऊन टेकायला हवी ती जागा हीच. वरच्या यंत्रणेने हजार फोनांवर एकच संदेश पाठवण्याबरोबर या एका माणसाला नीट, पुरेशी, त्याच्या भाषेत माहिती दिली तर तो पुढचं करतो.

भाषेचा मुद्दा मुद्दाम काढते. कॅल फायरने २०२५ मध्ये ७० भाषांत उत्तरं देणारा चॅटबॉट आणला. कल्पना मला फार आवडली, कारण इशारा इंग्रजीतच असेल तर शेतात राबणाऱ्या स्थलांतरित मजुराला त्याचा काय उपयोग? पण पत्रकारांनी चालू आगीबद्दल साधे प्रश्न विचारले तेव्हा तो अडखळला. उत्तर ७० भाषांत मिळतंय, पण ते ताजं आणि बरोबर असायला हवं ना. आपल्याकडे करणाऱ्यांनी गोंडी, कोरकू, कोकणी यांचा विचार पहिल्या दिवसापासून करावा. आणि आवाजात. डोंगरावर धावताना कोण एसएमएस वाचतंय?

---

सह्यवेडा
१४ फेब्रुवारी, दुपारी १:५०

विदुला, आवाजाबद्दल शंभर टक्के.

एक धोक्याची सूचना सगळ्यांसाठी, कारण या चर्चेतून उत्साहाने कुणी डोंगरावर जाईल. सूचना लवकर आणि सगळ्यांना मिळायला लागली की अननुभवी माणसंही धावतात. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत थेनीजवळ कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेली मंडळी वणव्यात सापडली, २३ जण गेले. गवताची आग चढावर माणसापेक्षा जोरात पळते. आगीच्या वर कधीच उभं राहायचं नाही. बाजूने, जळून गेलेल्या भागातून शिरायचं, आणि परतीची वाट आधी बघून ठेवायची. कुठलंही अॅप नुसतं "इथे आग आहे" सांगत असेल आणि "तुम्ही वरच्या बाजूला आहात, खाली उतरा, या वाटेने" सांगत नसेल तर ते अर्धवट आहे. उतार, वारा, गवत हे तिन्ही माहीत असेल तर हे सांगणं अवघड नाही, हो ना पिक्सेल?

---

पिक्सेल
१४ फेब्रुवारी, दुपारी ३:१०

उतार माहीत असतो. वारा दरीत क्षणाक्षणाला बदलतो, तिथे मॉडेल चुकतं. म्हणून मी "या वाटेने जा" असं यंत्राकडून वदवायला कचरतो. "तुम्ही आगीच्या वर आहात" हे मात्र ठामपणे सांगता येईल. तेवढं करू.

---

मोहफूल
१४ फेब्रुवारी, रात्री ९:०५

एक राहिलं. विझलेल्या आगीबद्दल कुणी बोलत नाही.

ज्वाळा दिसेनाशा झाल्या की पोरं पाणी पिऊन घरी जातात. पण वाळलेलं खोड, मुळं, शेणाची गोवरी हे आत धुमसत राहतं. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला की पुन्हा पेट. म्हणून कडेकडेने हात फिरवून बघावं लागतं, धग लागते का. जुने अंगारी हे न चुकता करतात.

---

निवडुंग
१४ फेब्रुवारी, रात्री ११:३०

मोहफूल, इथेही अगदी हेच घडलंय. ७ जानेवारीचा लॉस एंजेलिसमधला पॅलिसेड्स फायर हा १ जानेवारीला लागलेल्या आणि विझली असं समजलेल्या लहान आगीतूनच पुन्हा उठला, असं सरकारी वकिलांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं. झाडांच्या मुळांमध्ये जमिनीखाली ती धुमसत होती. उष्णता दाखवणारा कॅमेरा लावलेला ड्रोन रोज त्या डागावरून फिरवला असता तर? हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. असा ड्रोन काही फार दुर्मिळ राहिलेला नाही. डाग गार होईपर्यंत त्याची राखण करायची, आणि तापमान चढलं की ओरडायचं. एवढं साधं काम यंत्राला द्यावं. ते कंटाळत नाही, सुट्टीवर जात नाही.

---

सह्यवेडा
१५ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

ड्रोनवाले एक मित्र आमच्या गटात आहेत. उष्णतेचा कॅमेरा भाड्याने मिळतो का विचारतो. परवानगीचं मोहफूल सांगतील तसं.

---

मोहफूल
१५ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

वनजमिनीवर उडवायचा तर आधी आरएफओ (वनक्षेत्रपाल) कार्यालयात लेखी अर्ज द्या. आयत्या वेळी मागाल तर नाही मिळणार. आजच द्या.

---

रानजाई
१६ फेब्रुवारी, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गल्लीची बैठक झाली, तिथे या धाग्यातलं बरंच काही मांडलं.

सत्तरीकर यांचं म्हणणं पटलं. जिथे विझवणारे गावकरीच असतात तिथे शोधणं आणि पोहोचवणं एकच. माझं मत आमच्यासारख्या दाट वस्तीपुरतं खरं आहे, सगळीकडे नाही.

ठरलं ते असं. आजोबांसाठी यारा_काठींचा मार्ग: जोराच्या कोरड्या वाऱ्याचा लाल इशारा हवामान खात्याने दिला की आगीची वाट न बघता आदल्या संध्याकाळी ते शहरात मुलीकडे जातील. गाडी कोणाची, तेही ठरलं. आजोबांनी फक्त एकच अट घातली, मांजर बरोबर येणार. मांजराचा पिंजरा दाराजवळ ठेवलाय. गल्लीच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस पोर्तुगालसारखा, त्यांच्याकडे बॅटरीचा रेडिओ आणि घरोघरची यादी. दार वाजवायची जबाबदारी त्यांची, वॉच ड्यूटीवर काही दिसो न दिसो.

आणि काउंटीला पत्र लिहितोय, निवडुंगच्या मुद्द्यावर: इशारे पाठवण्याच्या यंत्रणेत "कुठल्या भागाला अजून आदेश गेलेला नाही" हे आपोआप दाखवण्याची सोय आहे का, आणि नसेल तर केव्हा होणार. उत्तर आलं की इथे टाकते. ज्यांना त्या पत्राचा मराठी मसुदा आपल्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कार्यालयासाठी हवा असेल त्यांनी सांगा.

---

काजूबाग
१६ फेब्रुवारी, रात्री ९:४०

मला हवा. आणि पिक्सेलनी दोन्ही चित्रं पाठवली. पट्टा तारांखालूनच सुरू होतोय. प्रिंट काढून अर्जाला जोडतोय.

---

सत्तरीकर
१६ फेब्रुवारी, रात्री १०:०२

मलाही पाठवा, कोकणीत मी करतो.

---

सह्यवेडा
१७ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

साताऱ्याजवळ येत्या रविवारी जाळरेषा (आग अडवायला मोकळा केलेला पट्टा) काढायला जातोय, वनखात्याच्या परवानगीने. येणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाला. नायलॉन, ट्रॅकपँट अजिबात नको, ठिणगी पडली की कातडीला चिकटतं. बूट, दोन लिटर पाणी, ओला करायला पंचा. पिक्सेल, जुने फोटो जागेसकट गोळा करायला एक शीट उघडलीय, दुवा विपूत पाठवतो. विळे आणि दाताळी आमच्याकडे आहेत.